कोंबड्यांसाठी उभी केलेली बाई

१

बुधवार, ३ एप्रिल. सकाळपासून आभाळ दुधी होतं आणि वारा अजिबात नव्हता. दोरीवरचा रुमालसुद्धा जागचा हलत नव्हता.

शिंप्याची बायको पाय मोडून अंथरुणाला खिळली त्याला आठवडा झाला होता, आणि मागच्या परसात तिच्या कोंबड्यांनी उपास धरला होता.

पाय मोडला तोही कोंबड्यांपायीच. खुराड्यावरचा पत्रा सरकला होता, तो नीट करायला ती स्टुलावर चढली. शिंपी खिडकीतून ओरडला, "अगं थांब, मी येतो!" ती म्हणाली, "तुम्ही येईपर्यंत पत्रा गंजून पडेल." एवढं बोलायला तिने मान वळवली आणि स्टूल कलंडलं. नडगीचं हाड मोडलं. आता टाचेपासून मांडीपर्यंत प्लास्टर होतं, आणि डॉक्टरीणबाई स्वतः येऊन ते कापेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही, असा हुकूम होता.

कोंबड्या चार. कापायच्या नव्हत्या, विकायच्या नव्हत्या. अंडी दिली तर दिली, नाही तर त्यांची मर्जी. पिल्लं असताना बायकोने त्यांना बुटांच्या खोक्यात, दिव्याच्या उबेला वाढवलं होतं. नावं मात्र शिंप्याने ठेवली, आपल्या धंद्यातली. काळीभोर ती मखमल. मानेपुरती पांढरी ती कॉलर. लांब टांगांची, उगाच सगळीकडे पुढे पुढे करणारी ती पट्टी. आणि बारा महिने पिसं गाळणारी, कायम फाटक्या उशीसारखी दिसणारी ती उसवण. संध्याकाळी बायको खुराड्यापाशी बसली की चौघी तिच्या मांडीवर जागेसाठी भांडत.

शिंप्याशी मात्र त्यांचं वाकडं होतं. कुंपणावरून उडून जाऊ नयेत म्हणून अधूनमधून एका पंखाची टोकाची पिसं छाटावी लागत. हे काम बायकोने त्याच्यावर टाकलं होतं. "कात्री तुमची, हातही तुमचाच सरळ." ती कोंबडीला मांडीवर घेऊन तिच्या डोळ्यांवर तळहात ठेवी आणि तो छाटी. नखं कापावीत तसं, दुखत काही नसे. पण कोंबड्यांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता: मांडी म्हणजे माया, आणि कात्री म्हणजे हा माणूस.

त्यामुळे बायको आत पडल्यापासून तो दाण्यांचा वाडगा घेऊन परसात आला की चौघी घार आल्यासारख्या किंचाळत खुराड्याखाली शिरत. तो गेल्यावरही दाण्याला तोंड लावत नसत. उसवण तर इतकी वाळली होती की पिसांखाली काही उरलंय की नाही, अशी शंका यावी.

"खाल्लं का हो त्यांनी?" बायको आतून रोज विचारी.

"खाल्लं की," तो म्हणे.

"खोटं बोलता. खोटं बोलताना तुमचा आवाज इस्त्री केल्यासारखा होतो."

२

मेहुणी बेकरीत कामाला होती. पहाटेची पाळी संपवून, केसांत पीठ घेऊन ती थेट इकडे येई, ताईचं अंग पुसून देई, वेणी घाली आणि दोघांना चार शब्द सुनावून घरी जाई. कोंबड्यांना ती भीत असे.

"मी नाही बाई जाणार मागे. ती लांब टांगांची माझ्याकडे अशी बघते, जसं काही मी तिचे पैसे बुडवलेत."

"अगं, दाणे तर टाकायचेत," शिंपी म्हणाला.

"भावोजी, दाणे टाकणं सोपंय. पण खायला त्यांना माझी ताई लागते. ती कुठून आणू?"

शिंप्याने तोंडातली सुई काढून बाहीला टोचली. मग त्याची नजर शिवणखोलीच्या कोपऱ्यात गेली.

तिथे पुतळा उभा होता. प्रत्येक जुन्या शिंप्याकडे असतो तसा: कापडाने मढवलेलं धड, डोकं नाही, हात नाहीत, खाली एकच लोखंडी पाय. कुशीला लहान चक्रं होती. ती फिरवली की छाती, कंबर हवी तेवढी कमी-जास्त होई. गिऱ्हाईक समोर नसलं तरी त्याचं अंग समोर असावं, यासाठीच ती सोय.

त्याने चक्रं फिरवून पुतळा बायकोच्या मापाचा केला. त्यासाठी टेप घ्यावी लागली नाही. तिची मापं त्याला तोंडपाठ होती. तिचा रोजचा, फुलाफुलांचा, धुऊन धुऊन मऊ झालेला गाऊन त्याने पुतळ्यावर चढवला आणि मागच्या दाराने, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून, पुतळा परसात नेऊन खुराड्यापाशी रोवला. समोर दाणे पसरले आणि पळत येऊन शिवणयंत्रापाशी बसला. शिवणखोलीची खिडकी परसातच उघडत होती.

बराच वेळ काही झालं नाही. मग खुराड्याखालून मखमलीने मान बाहेर काढली. मागोमाग कॉलर आली. गाऊनची कड त्यांनी चोचीने ओढून पाहिली, आणि चौघी अशा तुटून पडल्या की दाण्यांचा नुसता आवाज येत होता, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा.

मेहुणी खिडकीतून बघत होती. हसता हसता तिला ठसका लागला. "कोंबड्यांसाठी बाई उभी केलीत की हो! आता माझ्यासाठी एक नवरा शिवा. डोकं नसलं तरी चालेल, नाहीतरी असून उपयोग होत नाही."

आतल्या खोलीतून बायकोही हसली. कशाला हसतात ते तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

३

पुढचे तीन-चार आठवडे चांगले गेले. शिंपी सकाळी परसात जाई, पुतळ्याच्या आडून दाणे टाकी आणि मागे फिरे. उसवण भरू लागली. दुपार झाली की घरभर एक जड, गोड गुंगी उतरे. दुखणं कमी करायच्या गोळ्यांनी बायकोचा डोळा लागे. यंत्राच्या लयीत शिंप्यालाही डुलकी येई. परसातून चौघींचं घशातल्या घशात चाललेलं बोलणं ऐकू येत राही.

अशाच एका दुपारी, बाही जोडता जोडता त्याने खिडकीतून पाहिलं. कोंबड्या पुतळ्यापाशी नव्हत्या.

त्या कुंपणाच्या कडेकडेने चालल्या होत्या. एकीमागे एक. चार पावलं चालायच्या, थांबायच्या, पुन्हा चालायच्या. शिंप्याला हसू आलं, कारण ही चाल त्याच्या ओळखीची होती. बायको कुंपणाकडेची वाळकी पानं वेचत जायची तेव्हा त्या तिच्यामागे अशाच जायच्या: ती वाकली की थांबायच्या, उठली की निघायच्या.

मग त्याचं हसू ओठांवरच राहिलं. पुतळा होता तिथेच, खुराड्यापाशी उभा होता.

सवय, तो स्वतःला म्हणाला. जनावराला सवय लागते. माणसालाही लागतेच; बायको आत झोपलेली असताना आपण नाही का दोन कप चहा करून घेतला?

कोंबड्या कुंपणाचा कोपरा वळून पुतळ्यापाशी परतल्या आणि थांबल्या. कॉलरने मान तिरपी केली. कोंबडीला समोरचं नीट बघता येत नाही. माणसाचा चेहरा बघायचा असेल तर ती मान कलती करून एक डोळा वर लावते. कॉलरने तसाच डोळा वर लावला होता. गाऊनकडे नव्हे. गाऊनच्या गळपट्टीच्याही वर, जिथे नुसती हवा होती.

४

"अहो, उसवणीच्या पायाला दोरा गुंडाळलाय," बायको दुसऱ्या दिवशी म्हणाली. "मधल्या बोटाला. सोडवा, नाहीतर बोट झडेल."

शिंपी गेला. त्याला पाहून चौघी पळाल्या, पण उसवण लंगडत होती म्हणून हाती लागली. मधल्या बोटाला खरंच दोरा होता. त्याच्याच रिळाचा, निळा. बोट सुजलं होतं. त्याने कात्रीने दोरा कापला आणि कोंबडी सोडून दिली.

आत येऊन त्याने मेहुणीला बाजूला घेतलं. "तू ताईला सांगितलंस का, कोंबडी लंगडते म्हणून?"

"मी? मी त्यांच्या पायांकडे बघेन? त्या माझ्या पायांकडे बघतात तेवढं पुरे."

बायकोच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे होती. परस तिथून दिसत नव्हतं. पण आवाज येत असेल, शिंप्याने विचार केला. लंगड्या कोंबडीचा आवाज वेगळा येत असेल. बायकोचे कान तसे तिखटच. तेवढ्यावर त्याने समाधान मानलं. उसनं समाधान, पण आठवडाभर पुरलं.

मग एका संध्याकाळी अवकाळी सर आली. शिंपी एका लग्नाच्या कोटाला अस्तर लावत होता. त्याला पुतळ्याची आठवणच राहिली नाही. सकाळी गाऊन ओलाचिंब, पुतळ्याच्या अंगाला चिकटलेला दिसला. तो चुकचुकला आणि चहा घेऊन आत गेला.

बायको डोळे मिटून पडली होती. कप ठेवल्याच्या आवाजाने तिने डोळे उघडले. डोळ्यांत राग नव्हता, नुसता रुसवा होता.

"अहो, काल मला पावसात का ठेवलंत?"

"काय?"

"किती हाका मारल्या. तुम्ही खिडकीत होतात. वरसुद्धा बघितलं नाहीत." तिने डोळे पुन्हा मिटले. "जाऊ दे. कोट छान बसलाय."

गोळ्या, शिंपी मनाशी म्हणाला. गोळ्यांनी माणूस भलतंच बोलतं. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंड होतं. मग उशी सारखी करायला तिच्या मानेखाली हात घातला, आणि तो तसाच थांबला. मानेवरचे केस ओले होते.

त्याने वर छताकडे पाहिलं. छत कोरडं होतं.

५

"भावोजी, ताईचं अंग किती हलकं झालंय बघा," मेहुणी म्हणाली. आज तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "कूस बदलायला आधी माझी कंबर जायची. आता एका हाताने वळते."

"पडून पडून होतं तसं."

"पडून माणूस सुटतं. ही आवळत चाललीय."

शिंप्याने गळ्यातली टेप काढली. बायको म्हणाली, "आता काय नवीन शिवताय मला?" तो म्हणाला, "शिवेन की. पायावर उभी राहिलीस की घालायला." हसत हसत त्याने माप घेतलं. खांदा. छाती. कंबर. टेपवरचा आकडा पाहून त्याने टेप पुन्हा सरळ केली आणि पुन्हा घेतलं.

कंबर अठ्ठावीस.

लग्न झालं तेव्हा तिची कंबर अठ्ठावीस होती. ते त्याने तिचं घेतलेलं पहिलं माप, म्हणून तो आकडा जन्मभर लक्षात राहिला. पुढे ती भरली, सुखाने भरली, आणि तो तिचे कपडे जुन्या कपड्यावरून अंदाजानेच शिवत आला. पण तोंडपाठ होतं ते पहिलंच माप. पुतळ्याची चक्रं त्याने त्या मापावर फिरवली होती.

तो मागच्या दाराने परसात गेला. कोंबड्या पांगल्या. त्याने गाऊनच्या शिवणीतून हात घालून कमरेचं चक्र चाचपलं. पाय मोडण्याआधीचं तिचं माप किती, ते त्याला माहीत नव्हतं. पण सैल करायला हवं एवढं समजत होतं. चक्र गंजलं होतं. ते आधी सुटेना, मग घसरून उलट्या बाजूला, आवळायच्या बाजूला, अर्धा वेढा फिरलं.

घरातून बायको ओरडली, "अहो! चिमटा बसतोय!"

शिंप्याने हात काढून घेतला, विस्तवावरून काढावा तसा.

मेहुणी दारात आली. तिचा चेहरा तिच्या केसांतल्या पिठासारखा झाला होता. "तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"मग ती अशी का ओरडली? मी तिला हातसुद्धा लावला नव्हता."

शिंप्याने अगदी हळूहळू, श्वास रोखून, चक्र तो अर्धा वेढा माघारी आणलं. पुढे फिरवायचा धीर झाला नाही. खुराड्याच्या छपरावर बसून पट्टी त्याच्याकडे एका डोळ्याने बघत होती.

६

त्यानंतर मेहुणीने येणं सोडलं नाही, पण ती फार बोलेनाशी झाली. ताईला आता भरवावं लागे. ताई हात पांघरुणाबाहेर काढतच नसे.

"हातांना काय झालंय?" शिंप्याने विचारलं.

"आहेत की," बायको म्हणाली. "म्हणजे, असतील. जाणवत नाहीत इथे."

दुपार होती. उन्हाचा एक पट्टा पलंगाच्या पायथ्याशी येऊन झोपल्यासारखा पडला होता. शिंपी तिच्या उशाशी बसला. कितीतरी दिवसांनी तो यंत्र सोडून असा नुसता बसला होता.

"अगं, तू त्या परसात जातेस का?" त्याने विचारलं. विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. लहान मुलासारखा प्रश्न.

"तुम्हीच तर उभं केलंत मला तिथे."

"मी पुतळा उभा केला."

"हो, तेच." ती मंद हसली. "इतकं छान आहे तिथे. इथे काय, छत. तिथे ऊन आहे, त्या चौघी आहेत. आणि समोर खिडकीत तुम्ही. इतकी वर्षं मी तुम्हाला शिवताना पाठीमागूनच बघितलं हो. समोरून असं निवांत कधी बघितलंच नव्हतं. दोरा दाताने तोडताना तुम्ही एक डोळा मिटता, माहितेय?"

शिंप्याने तिचं पांघरूण सारखं केलं. तो म्हणाला, "परवा डॉक्टरीणबाई येणार आहेत. प्लास्टर निघेल. मग तुझ्या पायांनी जा ना परसात. दिवसभर बस. मी खुर्ची ठेवीन. पण तोवर आत राहा. माझ्याजवळ राहा."

"उठता-बसता येतं तिथे. आता चालताही येतं थोडं."

"मला इथली तू हवीस. भांडणारी. जाड."

ती खुदकन हसली. हसू जुनं होतं, तिचंच होतं. "बरं. परवा आत असेन. शब्द देते."

"आज संध्याकाळीच पुतळा आत आणतो."

"नको!" ती इतक्या झटक्यात म्हणाली की उन्हाचा पट्टासुद्धा दचकल्यासारखा वाटला. "मी आत आले की सांगेन, मग उचला. मी तिथे असताना मध्येच उचलू नका हं. अर्ध्यातून उचलू नका."

"उचललं तर काय होईल?"

ती विचारात पडली. कपाळाला आठी घालून तिने खूप वेळ विचार केला, विसरलेला पत्ता आठवावा तसा.

"ते मला नाही माहीत," ती म्हणाली.

७

डॉक्टरीणबाई चार वाजता येणार होत्या. सकाळपासून ऊन लख्ख होतं. मेहुणीने येऊन ताईची वेणी घातली, नवी चादर घातली. बायको डोळे मिटून होती, पण हाक मारली की हुंकार देत होती.

"आलीस का आत?" शिंपी दर थोड्या वेळाने विचारी.

"येते," ती म्हणे.

दुपारी मेहुणी स्वयंपाकघरात भांडी घासू लागली. शिंपी शिवणखोलीत गेला. काम करायचं नव्हतं, पण हात रिकामे बसेनात. त्याने सुईत दोरा ओवला आणि वर पाहिलं.

परसात एक बाई खुराड्यासमोर उकिडवी बसली होती.

तिची पाठ त्याच्याकडे होती. फुलाफुलांचा गाऊन गुडघ्यांभोवती पसरला होता. मांडीवर मखमल होती, बाकीच्या जागेसाठी भांडत होत्या. बाईने एक हात, खराखुरा, बोटांसकट हात, उचलून कॉलरच्या पाठीवरून फिरवला. मान सावळी होती. मानेवर वेणी होती. मघाशी मेहुणीने घातलेली, टोकाला पांढरी फीत असलेली.

शिंप्याला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याला वाटलं, किती बरी दिसते. उभी राहिली आणि वळली तर खिडकीतून एकदम चेहरा दिसेल. बाईने मान जराशी वळवली. गालाची कड दिसली. शिंपी खुर्चीतून अर्धा उठला.

तेवढ्यात खिडकीच्या गजावर टपकन थेंब पडला. मग दुसरा. ऊन तसंच होतं आणि त्या उन्हातून पाऊस उतरू लागला. मोठ्या, विरळ थेंबांचा.

काल मला पावसात का ठेवलंत. किती हाका मारल्या.

बाकी सगळं शिंप्याच्या डोक्यातून गेलं. तो धावला. शिवणखोलीतून स्वयंपाकघरात, मेहुणीच्या बाजूने मागच्या दाराने परसात. दारातून बाहेर आला तेव्हा खुराड्यापाशी पुतळा उभा होता, नेहमीसारखा. खांद्यावर पावसाचे गोल डाग पडत होते.

"भिजलीस ना," तो म्हणाला. त्याने पुतळ्याला कवेत धरून उचललं.

पुतळा जड होता. रोवायला नेला तेव्हा त्याने तो काखेत मारला होता. आता दोन्ही हात कमी पडत होते. लग्नाच्या वर्षी एकदा बायकोला उचलून ओहोळ पार केला होता तेवढा जड, आणि तेवढाच ऊबदार. कोंबड्या किंचाळत त्याच्या पायांत आल्या. त्याला भिणाऱ्या कोंबड्या. पट्टी तर त्याच्या पोटरीवर चोची मारत होती. तो अडखळत चालत राहिला.

"भावोजी!" मेहुणी ओरडली. "ताई काहीतरी म्हणतेय आत. थांबा म्हणतेय!"

शिंप्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. ओझ्यामुळे तो थांबू शकला नाही. दुसरा पायही आत आला.

आणि उंबऱ्यावर वजन उतरलं. एकदम, सगळं. कोणीतरी आपण होऊन हातांतून उतरून उभं राहावं तसं. शिंपी तोल जाऊन पुढे गेला. हातांत कापडाचं धड होतं, पेंढ्याएवढं हलकं, आणि ओला गाऊन.

आतल्या खोलीतला आवाज थांबला.

मागे कोंबड्याही गप्प झाल्या होत्या.

८

डॉक्टरीणबाई ठरल्या वेळेला आल्या. पाऊस थांबला होता. त्यांनी छत्री बाहेर ठेवली, हात धुतले आणि लहान करवतीने प्लास्टर कापलं. पाय दाबून, वाकवून पाहिला. "हाड उत्तम जुळलंय," त्या म्हणाल्या. "चला, उभ्या राहा बघू."

बायकोचे डोळे उघडे होते. शिंप्याने आणि मेहुणीने दोन्ही बाजूंनी धरून तिला उभं केलं.

"आता सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी सोडलं. ती उभी राहिली. तोल अजिबात गेला नाही.

"एक पाऊल टाका. भिऊ नका."

तिने पाऊल टाकलं नाही.

"ताई," मेहुणी म्हणाली. "ए ताई. अगं, बघ ना माझ्याकडे."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांसमोर बोट हलवलं, नाडी पाहिली, गुडघ्यावर हलकं ठोकून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. कधीकधी मनाने धसका घेतलेला असतो, वेळ द्या, असं त्या म्हणाल्या आणि पुन्हा येऊन बघून जाईन म्हणाल्या. पुढे तीन वेळा त्या आल्या. नंतर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं.

ती जेवते, भरवलं की. उभी केली की उभी राहते, बसवली की बसते. बोलत नाही. सकाळी शिंपी तिला उचलून, शिवणखोलीच्या बाजूच्या दाराने, घराला वळसा घालून परसात नेतो आणि खुर्चीत बसवतो. कोंबड्या तिच्याजवळ जात नाहीत. त्या चौघी दिवसभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, माना तिरप्या करून एक डोळा वर लावून, बसलेल्या असतात. दाणे आता तिथेच टाकतात, आणि तिथे टाकलेले त्या खातात.

मागचं दार रात्री लावत नाहीत. त्या दाराने घरातलं कोणी ये-जा करत नाही.